अफवा सर्वांपर्यंत का पोहोचत नाही?

गेल्या उन्हाळ्यात, नर्मदेचे पाणी तीन दिवस येणार नाही, असा निरोप इंदूरमधील आमच्या वसाहतीत मोबाइलवर फिरू लागला आणि दुपारपर्यंत बोरिंगच्या नळावर हंडे-बादल्यांची रांग लागली. दुसऱ्या दिवशी ठरल्या वेळी पाणी आले. मला नवल वाटले ते दोन घरे सोडून राहणाऱ्या काकूंचे. त्यांच्या कानावर यातले काहीच आले नव्हते.

अफवा साथीच्या रोगासारखी पसरते, असे सर्रास म्हटले जाते. ते अर्धेच खरे आहे. रोगी काही दिवसांनी बरा होतो, भोवती कोणीही असो. अफवा सांगणारा मात्र समोरचा "हे मला ठाऊक आहे" म्हणाला की थांबतो. डेली आणि केंडल या गणितज्ञांनी १९६४ मध्ये हा फरक गणितात मांडला. पुढे १९७३ मध्ये माकी आणि थॉम्पसन यांनी नियम आणखी सोपा केला: आपण गाठलेल्या माणसाला बातमी आधीच ठाऊक निघाली, की सांगणारा कायमचा गप्प बसतो.

या एका नियमातून सुरेख हिशेब निघतो. हजार माणसे आहेत आणि कोणीही कोणालाही भेटू शकतो, असे समजा. अखेरीस ७९७ जणांना बातमी कळली, तर ती नव्याने कळण्याचे प्रसंगही सुमारे ७९७. शिवाय त्यांतील प्रत्येक जण एकदाच, गप्प बसण्यापूर्वी, जाणत्या माणसाला बातमी सांगून वाया घालवतो, तेही ७९७. एकूण सांगणी १५९४, म्हणजे माणशी सरासरी १.५९४. ती यदृच्छेने वाटली गेल्याने एखाद्याच्या वाट्याला एकही न येण्याची शक्यता, २.७१८ (गणितात e म्हणतात ती) या संख्येचा उणे १.५९४ वा घात, म्हणजे ०.२०३ येते. हजारातले २०३ वंचित आणि ७९७ जाणते: आपण धरलेला आकडाच परत मिळतो, आणि बातमी सुरुवातीच्या मोजक्या माणसांतच विझण्याचा प्रकार सोडला तर दुसरा कोणताही आकडा असा जुळत नाही.

बातमी खरी की खोटी, याला समीकरणात जागाच नाही. २१ सप्टेंबर १९९५ रोजी गणपती दूध पितो ही वार्ता मोबाइलविना देशभर गेली. चमच्यातले दूध पृष्ठताण (द्रवाच्या पृष्ठभागाची ओढ) आणि केशाकर्षणाने (बारीक फटींत द्रव आपोआप शिरणे) ओढले जाते, हे स्पष्टीकरण मागाहून पोहोचले. मूर्तीपुढे चमचा धरण्याआधी तो साध्या दगडाला लावून पाहणे कोणालाही शक्य होते.

सांगणारा "ठाऊक आहे" हे उत्तर दुसऱ्यांदा मिळेपर्यंत टिकला, तर प्रत्येक जाणत्यामागे तीन सांगणी होतात आणि वंचितांचे प्रमाण २० वरून ६ टक्क्यांवर येते. मोबाइलवर निरोप पुढे ढकलणाऱ्याला तर "ठाऊक आहे" हे उत्तर बहुधा मिळतच नाही, म्हणून अफवेचा नैसर्गिक लगाम तिथे सुटतो. व्हॉट्सअॅपने २०१८ मध्ये भारतात एका वेळी पाचच ठिकाणी निरोप पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, ती हा लगाम बाहेरून लावण्यासाठीच.