पडदा, पलंगपोस, बैठक : घरातल्या कापडाची पार्श्वभूमी

खिडकीच्या मापाने पडदे शिवून घेतले, जुन्या सोफ्याला नवं कापड चढवलं, चादर-उशा-पलंगपोस एकमेकांना जुळतील असे करवून घेतले, की भिंतीला हात न लावता खोली पालटते. आज याला ‘कस्टम’ म्हणतात आणि तयार मालापेक्षा ते एक पायरी वरचं, जरा हौशीचं समजलं जातं. इतिहास मात्र उलटा आहे. घरातलं कापड माणूस फार पूर्वीपासून मापानेच शिवत आला. दुकानातून घडी घातलेली पडद्यांची जोडी उचलून आणायची सोय जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. पूर्वी कापड महाग होतं आणि शिवणारा स्वस्त. आता कापड स्वस्त झालंय आणि शिवणारा महाग. सजावटीतल्या बऱ्याचशा चालीरीतींचा उलगडा या एका अदलाबदलीतून होतो.

१९२५ साली इजिप्तमध्ये गिझाच्या पिरॅमिडांजवळ खुफू राजाची आई, राणी हेतेफेरेस हिची कबर सापडली. त्यातलं सामान सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीचं. लाकूड कुजून गेलं होतं, सोन्याचा पत्रा तेवढा उरला होता. त्या पत्र्यांच्या आधाराने संशोधकांनी एकेक वस्तू पुन्हा उभी केली. पलंग होता, खुर्च्या होत्या, आणि पलंगाभोवती उभारायचा, सुटा करून दुसरीकडे नेता येईल असा एक सोनेरी सांगाडा होता. त्यावरून पडदे सोडायचे. हे पडदे ठेवायला वेगळी लांबट पेटीही होती. पेटी मिळाली, पडदे नाहीत. कापडाचा इतिहास लिहिणाऱ्यांचं हे कायमचं रडगाणं आहे.

राणीच्या सामानातले पडदे खिडकीचे नव्हते, पलंगाचे होते, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. युरोपातही पडद्यांचा मान आधी पलंगाला मिळाला. गार खोल्या, एका खोलीतून दुसरीत जायची वाट, त्याच खोलीत झोपणारे नोकर. अशा घरात चारी बाजूंनी पडदे ओढलेला पलंग हीच काय ती ऊब आणि तोच काय तो एकांत. मखमल, लोकरी कापड, किनारी, झालरी, अस्तर असं सगळं मोजलं तर पलंगाच्या लाकडापेक्षा त्यावरच्या कापडाची किंमत कितीतरी जास्त भरे. म्हणूनच मृत्युपत्रांत पलंगांची नोंद जमीनजुमल्याच्या बरोबरीने येते. शेक्सपिअरने १६१६ च्या मृत्युपत्रात बायकोला ‘दुसऱ्या क्रमांकाचा पलंग’ ठेवला, यावर आजवर बरीच थट्टा झाली आहे. पण तो पलंग सामानासकट दिला होता, म्हणजे पडदे, गादी, पांघरुणं असं सगळं त्यात आलं. थट्टा करणाऱ्यांनी कापडाचा हिशेब केलेला दिसत नाही.

खिडकीला त्या काळात लाकडी झडपा पुरत. पडदा असलाच तर ऊन अडवायला एका बाजूला सरकवायचा साधा तुकडा असे. खिडकीच्या दोन्ही अंगांना सारखे पडदे सोडायची पद्धत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. सममितीचं वेड तेव्हा नवीन होतं.

सगळी खोली एकाच कापडात सजवायची कल्पनाही साधारण त्याच शतकातली. पॅरिसमध्ये मार्कीझ द रांबुये हिच्या ‘निळ्या खोली’ची त्या काळी मोठी चर्चा होती. पुढे १६८५ साली फ्रान्समधल्या प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं गेलं आणि अनेक कारागीर देश सोडून गेले. त्यांतला दानिएल मारो हॉलंडला विल्यम ऑफ ऑरेंजच्या पदरी राहिला. त्याच्या नक्षीचित्रांत पलंग, खुर्च्या, पडदे, भिंती असं सगळं एका हाताने आखलेलं दिसतं. लंडनमध्ये गाद्या-पडदेवाल्या कारागिरांच्या संघाला १६२६ सालीच राजाची सनद मिळाली होती. अठराव्या शतकात हाच कारागीर श्रीमंतांच्या घरातल्या सजावटीचा मुख्य ठेकेदार झाला. कापड आणणं, सुतार नेमणं, पडदे टांगणं, खुर्च्या भरणं, सगळं त्याच्याकडे. तरी त्याच्या बिलात मोठा आकडा असे तो कापडाचा. मजुरी त्यापुढे किरकोळ.

कापड इतकं महाग म्हटल्यावर ते टाकून कोण देणार? पलंगाचे पडदे उतरवून त्यांतून खुर्च्यांच्या बैठका काढत, विटलेली बाजू आत घालून कापड उलटून शिवत. फ्रेंच दरबारात तर हिवाळ्याचं आणि उन्हाळ्याचं कापड वेगळं असे: थंडीत मखमल, उकाड्यात हलकं रेशीम. त्यासाठी खुर्च्याही तशा बनवत. बैठक, पाठ आणि हातांवरच्या गाद्या सुट्या चौकटींवर बांधलेल्या. ऋतू बदलला की चौकटी काढून दुसऱ्या बसवायच्या. सोफ्याची कव्हरं चेन उघडून धुवायला टाकणाऱ्याला यात फारसं नवल वाटणार नाही.

पण एक अडचण होती. मखमल आणि रेशीम धुता येत नसे. झटकायचं, ब्रशने घासायचं आणि वरून जाडंभरडं कापड घालून जपायचं. धुऊनही रंग टिकेल असं सुंदर कापड युरोपला मिळालं ते भारतातून आणि या सगळ्या कहाणीतलं सर्वांत रंगतदार प्रकरण तेच.

कोरोमंडल किनाऱ्यावर, मच्छलीपट्टणसारख्या ठिकाणी रंगवलं जाणारं छीट हे दिसायला चित्र आणि करणीने रसायनशास्त्र होतं. सुती कापड आधी हिरडा आणि म्हशीच्या दुधात भिजवायचं. दुधातल्या स्निग्धतेमुळे पुढचं द्रावण पसरत नाही, रेघ नेमकी उमटते. कागदाला भोकं पाडून त्यातून कोळशाची पूड टाकली की नक्षी कापडावर उतरते. काळ्या रेघांना लोखंडाचं द्रावण, लाल भागांना तुरटीचं. मग सगळं कापड मुळांच्या लाल रंगात उकळायचं. रंग तुरटी लागलेल्या जागीच पक्का बसतो. बाकीचा धुऊन उन्हात वाळवताना निघून जातो. निळ्यासाठी उलटं: जे निळं व्हायला नको त्यावर मेण चढवायचं आणि कापड निळीच्या पिंपात बुडवायचं. हिरव्यासाठी निळ्यावरून हाताने पिवळा फिरवायचा. हा पिवळा मात्र कच्चा. म्हणून संग्रहालयांतल्या जुन्या पलंगपोसांवर झाडांची पानं आज निळी दिसतात. वरचा पिवळा शतकांच्या उजेडात उडून गेला. पाँडिचेरीच्या बाजूला राहिलेल्या कर्दू नावाच्या फ्रेंच जेझुइट पाद्र्याने १७४२ च्या पत्रात ही सगळी कृती टिपून युरोपला कळवली. आजच्या भाषेत, औद्योगिक हेरगिरी.

मापाने आणि मागणीनुसार करवून घेणं इथेही होतंच. १६४३ साली ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या संचालकांनी सुरतेला लिहिलं, की पलंगपोस पाठवाल ते जास्त पांढऱ्या जमिनीचे असू द्या. मग नमुने तिकडून यायचे, रंगवायचं इकडे. त्यातून खडकावर उभा डेरेदार वृक्ष, चित्रविचित्र फुलं असा जो प्रकार तयार झाला तो धड इथलाही नाही आणि तिथलाही नाही. पलंगभर एकच अखंड चित्र असलेलं ते कापड एखाद्या गिऱ्हाइकाच्या खोलीसाठीच काढल्यासारखं दिसे. सॅम्युएल पेप्स याने १६६३ साली बायकोच्या अभ्यासिकेच्या भिंतींना लावायला असं छीट घेतल्याची नोंद त्याच्या रोजनिशीत आहे.

रेशीम आणि लोकरवाल्यांचं धाबं दणाणलं. फ्रान्सने १६८६ मध्ये छिटावर बंदी घातली, ती १७५९ पर्यंत चालली. इंग्लंडने १७०० च्या कायद्याने रंगीत कापडाची आयात थांबवली. तेव्हा छापणाऱ्यांनी साधं पांढरं कापड मागवून लंडनमध्ये छापायला सुरुवात केली. ती पळवाट १७२१ च्या कायद्याने बुजवली. छापील सुती कापड घरात वापरणंही गुन्हा ठरला. १७७४ मध्ये देशी सुती मालाला मोकळीक मिळाली, पण भारतीय छिटाच्या आयातीवरची बंदी राहिली. प्रसिद्ध नट डेव्हिड गॅरिक याला कलकत्त्याहून पलंगाच्या पडद्यांचं छीट भेट आलं होतं. १७७० च्या दशकात सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी ते उचलून नेलं आणि ते सोडवण्यासाठी त्याला सरकारदरबारी पत्रं लिहावी लागली. ते पडदे आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. बंदीने एक मात्र झालं: जे नाकारलं तेच सगळ्यांना हवंसं झालं. बंदी उठताच फ्रान्समध्ये ओबेरकाम्फ याने १७६० साली जुई-आँ-जोसास येथे छापखाना काढला. एकरंगी ग्रामीण दृश्यांचं ते ‘त्वाल द जुई’ आजही पडद्यांच्या नमुनावह्यांत सापडतं.

बैठकीची गोष्ट जरा वेगळी. सतराव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत लाकडी बाकावर सुटी उशी टाकली की झालं. मग भरावच चौकटीवर पक्का बांधायची कला वाढली. चौकटीच्या तळाशी नवार ताणून उभी-आडवी विणायची, वर गोणपाट, त्यावर घोड्याच्या शेपटीचे आणि आयाळीचे कुरळे केस. कडेला लांब सुईने आरपार टाके घेत भराव घट्ट आवळायचा, म्हणजे कड ताठ आणि चौकोनी राहते. शेवटी वरचं कापड. जुनी खुर्ची नव्याने मढवायला घेतली की आजही हेच थर उलट्या क्रमाने उघडत जातात, आणि कारागिराचा हात कसा होता ते कडेच्या टाक्यांवरून कळतं.

१८२० च्या दशकात व्हिएन्नाच्या गेऑर्ग युनिगलने आणि लंडनच्या सॅम्युएल प्रॅटने बैठकीतल्या स्प्रिंगांची पेटंटं घेतली. स्प्रिंग बसवायला बैठकीत खोल जागा लागते, म्हणून खुर्च्या फुगल्या. भराव सरकू नये म्हणून खोल बटणं आली, प्रत्येक बटणाभोवती चौकटीदार घड्या आल्या आणि कापड जास्त लागू लागलं. व्हिक्टोरियन दिवाणखान्याचा तो जाडजूड, गुबगुबीत डौल हौसेचा होता हे खरंच, पण त्याची सुरुवात स्प्रिंगेने केली होती.

तोवर कापडच स्वस्त होत चाललं होतं. जाकार या फ्रेंच विणकराच्या मागाने (१८०४) नक्षीदार विणकाम सोपं केलं. १८५६ मध्ये इंग्लिश रसायनशास्त्रज्ञ पर्किनला डांबरातून जांभळा रंग गवसला. खिडकीच्या बाबतीत तर सगळं सहा वर्षांत घडलं. इंग्लंडमध्ये १८४५ साली काचेवरचा कर गेला, १८५१ साली खिडक्यांवरचा. मोठ्या काचा परवडू लागल्या आणि रस्त्यावरून आत दिसूही लागलं. मध्येच, १८४६ साली, नॉटिंगहॅमच्या जॉन लिव्हसीने पडद्यांची लेस विणणारं यंत्र काढलं होतं. उजेड येऊ देणारा, नजर अडवणारा, कडा तयार असलेला जाळीचा पडदा जोडीने मिळू लागला. सिंगरचं शिवणयंत्रही १८५१ चंच. तयार पडद्यांचा बाजार इथून सुरू होतो.

त्याच शतकाच्या अखेरीस डॉक्टरांनी जड पडद्यांविरुद्ध मोहीम उघडली. १८८२ मध्ये जर्मन डॉक्टर कॉखने क्षयाचा जंतू दाखवला, तेव्हा धूळ साठवणारी प्रत्येक झालर संशयित ठरली. पलंगाचे पडदे गेले, लोखंडी-पितळी पलंग आले. न्यूयॉर्कच्या कॉलनी क्लबची सजावट १९०५ साली एल्सी डी वुल्फकडे आली, तेव्हा तिने मखमलीला फाटा देऊन पुन्हा धुता येणारं फुलांचं छीट आणलं. लोकांना ते अगदी आधुनिक वाटलं.

विसाव्या शतकात गादी कारखान्यात गेली. ठरावीक मापांच्या गाद्या आल्या, म्हणून ठरावीक मापांच्या चादरी. १९३७ साली ऑटो बायर या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने पॉलियुरेथेन शोधलं, ज्याचा फोम करतात. दुसऱ्या महायुद्धानंतर फोमने घोड्याचे केस, काथ्या आणि कापूस बाजूला सारले. १९६४ पासून लंडनच्या हॅबिटॅट दुकानाने ब्रिटनमध्ये ड्यूव्हे रुळवला. चादर-कांबळी खोचण्याऐवजी खोळ घातलेली एकच दुलई. शयनघराचं रूप बदलायला खोळ बदलली की पुरे.

पडदे मात्र तयार मापांत नीट बसायला तयार होत नाहीत. चुण्या भरदार पडायच्या तर खिडकीच्या रुंदीच्या दोन ते अडीच पट कापड लागतं. कापडाचा पन्हा साधारण १३७ ते १४० सेंटिमीटर, म्हणजे जोड येणारच. आणि जोडावर नक्षी जुळवायची तर प्रत्येक पट्टीला एका नक्षीइतकं कापड वाया घालवावं लागतं. दोन खिडक्या शेजारी असतील तर दोन्हींवर फूल एकाच उंचीला यायला हवं. हे काम अजून हातानेच, नजरेनेच होतं आणि मजुरीचा मोठा वाटा त्यातच जातो.

फोमने आणखी एक गोष्ट आणली: आग. १९७९ मध्ये मँचेस्टरच्या एका मोठ्या दुकानात फोमच्या फर्निचरला लागलेल्या आगीत दहा जण दगावले. १९८८ मध्ये ब्रिटनने गाद्या आणि बैठकीच्या भरावासाठी, कापडासाठी कडक नियम केले. खिडकीपाशी धोका निराळा, पट्ट्यांच्या पडद्यांच्या लोंबत्या दोऱ्यांचा. त्यांत लहान मुलं अडकून गुदमरतात. अमेरिकेत २०१८ च्या मानकाने तयार विकल्या जाणाऱ्या पडद्यांमधून अशा दोऱ्या काढायला लावल्या, पण मापाने बनवून घेतलेल्यांना सूट दिली. ती सूट २०२२ च्या सुधारित मानकाने काढली आणि १ जून २०२४ पासून मापाच्या पडद्यांनाही उघडी, लोंबती दोरी ठेवता येत नाही.