निकेल तेच, मग रंग का बदलतो?

निकेल सल्फेटचं द्रावण हिरवं असतं. त्यात एथिलीनडायअमीन थेंबाथेंबाने घालत गेलं की ते आधी फिकट निळं, मग निळं आणि शेवटी जांभळं होतं. बीएस्सीला आम्ही हे पाहिलं, जर्नलमध्ये ‘रंग बदलला’ एवढं लिहिलं आणि डबा खायला गेलो. गंमत पुढे होती.

पाण्यात निकेलच्या आयनाला सहा बाजूंनी पाण्याचे सहा रेणू चिकटलेले असतात. अशा चिकटणाऱ्या रेणूंना लिगँड म्हणतात. निकेलच्या पाच डी-कक्षकांपैकी (कक्षक म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन वावरतो ती जागा) दोन थेट या पाहुण्यांच्या दिशेने रोखलेले, तीन त्यांच्यामधल्या फटीत. पाहुण्यांच्या तोंडावर आलेल्या इलेक्ट्रॉनची ऊर्जा वाढते आणि पाच सारख्या कक्षकांचे दोन मजले होतात. खालून वर उडी मारायला इलेक्ट्रॉन प्रकाश गिळतो. न गिळलेला प्रकाश आपल्याला दिसतो.

कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला हे मोजणारा स्पेक्ट्रोफोटोमीटर हेच आकड्यांत सांगतो. पाण्यातलं निकेल सुमारे ३९५ आणि ७२० नॅनोमीटरला, म्हणजे जांभळा आणि लाल प्रकाश शोषतं. मधला हिरवा सुटतो. एथिलीनडायअमीनचे तीन रेणू बसले की हेच पट्टे साधारण ३४५ आणि ५४५ वर सरकतात. आता नेमका हिरवाच गिळला जातो. तरंगलांबी घटली म्हणजे ऊर्जा वाढली: नायट्रोजनने दोन मजल्यांमधलं अंतर ऑक्सिजनपेक्षा सुमारे तिसऱ्या हिश्श्याने वाढवलं. कोणता लिगँड हे अंतर किती वाढवतो, याची उतरंड जपानच्या र्‍युतारो त्सुचिदांनी १९३८ मध्ये वर्णपटांवरूनच लावली.

आणि तीन पायऱ्या का? एथिलीनडायअमीनच्या रेणूला दोन टोकांना दोन नायट्रोजन असतात, त्यामुळे एक रेणू पाण्याच्या दोन जागा बळकावतो. सहा जागांना तीन रेणू पुरतात. खेकड्याने नांग्यांत धरावं तशी ही पकड. म्हणूनच मॉर्गन आणि ड्र्यू यांनी १९२० मध्ये ग्रीक भाषेतल्या नांगीवरून तिला ‘कीलेट’ म्हटलं.

हे रंग तसे फिकेच. डी-कक्षकांमधल्या अशा उड्यांवर क्वांटम नियमांची बंधनं असतात. पोटॅशियम परमँगनेटची चिमूट बादलीभर पाणी रंगवते, कारण तिथे इलेक्ट्रॉन ऑक्सिजनवरून मँगनीजवर जातो आणि त्या उडीला ही आडकाठी नाही.

माझा आवडता लिगँड मात्र डायमिथाइलग्लायॉक्झाइम. १९०५ मध्ये रशियन रसायनज्ञ लेव चुगायेव यांनी त्याने निकेल ओळखायची रीत दिली. अमोनिया घातलेल्या द्रावणात तो टाकला की लालभडक साका बसतो. खोट्या कानातल्यांनी कान खाजत असेल, तर कापसाच्या बोळ्यावर हीच परीक्षा करतात. बोळा गुलाबी झाला की निकेल आहे. पण हाच लाल साका क्लोरोफॉर्ममध्ये विरघळवला तर द्रावण पिवळं दिसतं! स्फटिकात हे सपाट रेणू भाकऱ्यांच्या चवडीसारखे रचलेले असतात, निकेलवर निकेल, मध्ये जेमतेम ३.२५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग). लाल रंग त्या चवडीचा. द्रावणात चवड मोडते, मग उरतो तो एकट्या रेणूचा पिवळा.