न दिसणारी माशी

पक्षी ब्राँझच्या पुतळ्याच्या डोक्यावर बसायचा आणि छताकडे टक लावून बघायचा. वर काहीतरी उडतंय आणि तो त्याचा माग काढतोय, अशी मान कधी इकडे, कधी तिकडे वळायची. मग एकदम झेप घ्यायची, हवेत चोच मिटायची आणि पुन्हा पुतळ्यावर येऊन बसायचं. पकडलेली माशी दोन-चार वेळा आपटून मारायची, गिळायची, पिसं झटकायची आणि गप्प बसायचं. सगळं अगदी रीतीप्रमाणे. फक्त माशी नव्हती.

पक्ष्याच्या मालकाचाही यावर विश्वास बसेना. नजरेतून सुटणारी एखादी चिलटं तर छताला नाहीत ना, हे बघायला तो खुर्चीवर चढला. काहीच नव्हतं. हा मालक म्हणजे ऑस्ट्रियाचा कोनराड लोरेन्झ. प्राण्यांच्या वर्तनावरच्या कामासाठी 1973 साली नोबेल पारितोषिक मिळालेल्या तिघांपैकी एक. पक्षी होता स्टार्लिंग, म्हणजे आपल्या साळुंकीचा युरोपातला चुलतभाऊ. तो पिल्लू असल्यापासून माणसाच्या हातचं खाऊन वाढला होता. अन्न समोर वाटीत यायचं. उडती माशी पकडायची गरज त्याला कधी पडली नव्हती, आणि दुसऱ्या स्टार्लिंगला ती पकडताना त्याने पाहिलंही नव्हतं.

लोरेन्झने याचा अर्थ लावताना भरत जाणाऱ्या टाकीचा दाखला दिला. शिकारीची ऊर्मी आत साठत राहते, तिला वाट मिळाली नाही तर ती आपोआप ओसंडते. ही टाकी पुढच्या संशोधकांनी फारशी मानली नाही, आणि मेंदूत अशी टाकी नसतेच. पण निरीक्षण खोटं ठरत नाही. झेप, आपटणं, गिळणं ही अख्खी साखळी पक्षी अंड्यातून घेऊनच आला होता.

मग माणसाच्या हाती वाढल्याने बिघडतं ते काय? मला वाटतं, क्रिया आतून येते, पण तिच्यावरचा पत्ता, म्हणजे ती कुणासाठी आणि कुठे, हे बऱ्याचदा कोरं असतं. तो बाहेरून भरला जातो, आणि चुकीचा भरला गेला तर दुरुस्त करणं फार अवघड असतं.

लोरेन्झकडेच जॅकडॉ होते. हे कावळ्याच्या कुळातले, पण अंगाने लहान पक्षी. त्यातला हाताने वाढवलेला एक नर वयात आला आणि लोरेन्झवरच भाळला. जॅकडॉचा नर मादीला भरवतो, म्हणून हा अळ्यांचा लाळेत कालवलेला लगदा लोरेन्झच्या तोंडात कोंबू बघायचा. तोंड मिटलं तर कान होताच. कोमट लगदा थेट कानाच्या पडद्यापर्यंत! भरवण्याच्या रीतीत काडीची चूक नाही, चुकला तो फक्त जोडीदार.

याच जॅकडॉंची दुसरी गोष्ट उलट्या बाजूची आहे. एकदा लोरेन्झने खिशातून पोहण्याची काळी चड्डी बाहेर काढली आणि त्याच्यावर जीव टाकणाऱ्या पक्ष्यांनी त्यालाच घेरून टोचायला सुरुवात केली. कोणाच्याही हातात काळं, लोंबतं काही दिसलं की शत्रूने आपल्यातल्या कुणाला तरी धरलंय, असा इशारा त्यांच्या आत उठतो. तो हात लाडक्या माणसाचा आहे, याला त्या क्षणी काही किंमत नसते. आपल्याकडे पडलेलं कावळ्याचं पिल्लू उचलून डोक्यात चोची खाल्लेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

स्थलांतराच्या बाबतीत तर हा पत्त्याचा प्रकार थक्क करणारा आहे. युरोपातले गार्डन वॉर्बलर हे चिमणीएवढे पक्षी हिवाळ्यात आफ्रिकेत जातात. हाताने वाढवलेली त्यांची पिल्लं पिंजऱ्यात असली, तरी हंगाम आला की रात्रभर फडफडत राहतात. जर्मनीत 1978 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात असे पक्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये नैर्ऋत्येकडे धडपडत होते आणि ऑक्टोबरपासून आग्नेयेकडे. मोकळे वॉर्बलर नेमके असेच स्पेनच्या दिशेने उतरतात आणि मग आफ्रिकेत वळतात. पिंजरा जागचा हलला नव्हता, वळण मात्र वेळेवर आलं.

अमेरिकेत स्टीफन एम्लेन यांनी इंडिगो बंटिंग या निळ्या पक्ष्यांवर काम केलं. शंकूच्या आकाराच्या पिंजऱ्याला आतून टिपकागद लावलेला आणि तळाशी शाईचा पॅड. पक्षी ज्या बाजूला उड्या मारेल, तिथे शाईच्या पावलांचे ठसे. त्यांनी हाताने वाढवलेल्या काही पिल्लांना तारांगणात खोटं आकाश दाखवलं. ते ध्रुवाभोवती फिरत नव्हतं, मृग नक्षत्रातल्या काक्षी या तांबड्या ताऱ्याभोवती फिरत होतं. शरद ऋतूत हे पक्षी दक्षिणेकडे निघतात. ही पिल्लं काक्षीलाच उत्तर दिशा मानून त्याच्याकडे पाठ करून निघू पाहू लागली. म्हणजे त्यांच्या डोक्यात तयार नकाशा नव्हता. ‘आकाशातला न हलणारा बिंदू शोध आणि त्याच्यापासून लांब जा’ एवढीच सूचना होती. कुठला तारा, ते आकाशाने सांगायचं.

काही पक्ष्यांचं तर परक्या हाती वाढल्याशिवाय भागतच नाही. आपला चातक पावसाच्या तोंडावर येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. पिल्लू सातभाईंच्या कलकलाटात, त्यांच्याच चोचीतून खाऊन मोठं होतं. तरी ते सातभाई होत नाही, चातकासारखंच बोलतं आणि पाऊस सरल्यावर स्थलांतराला निघतं. सातभाई बिचारे गावचं शिवार सोडत नाहीत, वाट त्यांना कुठून माहीत असणार! चातकाचे बरेचसे पत्ते आतच लिहिलेले असावेत. जॅकडॉचे तसे नाहीत. त्यामुळे ‘हाताने वाढवलेला पक्षी जंगलात जगेल का’ या प्रश्नाला सगळ्या पक्ष्यांसाठी एकच उत्तर मागू नये.

क्रौंच जॅकडॉच्या बाजूचे. उत्तर अमेरिकेतल्या हूपिंग क्रेनची संख्या 1941 साली वीस-बावीसवर आली होती. पुढे प्रत्येक पक्षी मोलाचा झाला, आणि त्यात टेक्स नावाची मादी निघाली माणसाळलेली. माणसांत वाढलेली असल्यामुळे तिला नर क्रौंचाचं सोयरसुतक नव्हतं. जॉर्ज आर्चिबाल्ड हे पक्षितज्ज्ञ मग 1976 पासून तिचे ‘जोडीदार’ झाले. विस्कॉन्सिनच्या गवतावर ते वसंतात हात पसरून तिच्यापुढे उड्या मारायचे, वाकायचे, पुन्हा उड्या मारायचे. टेक्सही नाचायची, आणि तिचा नाच अस्सल क्रौंचाचाच होता. तिने अंडी घालावीत म्हणून हा खटाटोप, फलनासाठी नराचं वीर्य बाहेरून द्यावं लागे. सहा वर्षं हे चाललं. 1982 मध्ये अखेर एक पिल्लू जगलं, त्याचं नाव जी व्हिज. त्यानंतर थोड्याच दिवसांत रकून या मांजराएवढ्या रानटी प्राण्याने टेक्सला मारलं.

यातून शिकून पुढे पिल्लांना वाढवणारी माणसं पायघोळ पांढरा झगा घालू लागली, तोंड झाकू लागली. हातात क्रौंचाच्या डोक्याची बाहुली, खाणं तिच्या चोचीतून, आणि पिल्लांसमोर बोलायचं नाही. पाहणाऱ्याला हसू येईल असा हा कारभार आहे, पण तो सगळा त्या कोऱ्या पत्त्यासाठी. पिल्लू उचलून घरी नेऊन त्याच्याशी लाडात बोलत राहणाऱ्यांनी हे जरूर बघावं. महाराष्ट्रात मदतीसाठी वनविभागाचा 1926 हा फोन क्रमांक आहे, आणि झाडाखाली टुणटुणत फिरणारं पिसं फुटलेलं पिल्लू बहुतेकदा हरवलेलं नसतंच, आई-बाप वरून बघत असतात.

जी व्हिजने मोठेपणी क्रौंचाच्या मादीशीच जोडी जमवली. त्याच्यापुढे नाचायला माणूस लागला नाही.