दमा आणि सुकामेवा: काउंटरवर विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांबद्दल

"घरात दम्याचं माणूस आहे, बेदाणे-काजू चालतील ना?" आठवड्यातून दोनदा तरी हे विचारलं जातं. आम्ही डॉक्टर नाही, पण आपल्या मालात काय असतं ते सांगणं आमचं कामच आहे.

दम्याच्या बहुतेकांना खाण्यामुळे धाप लागत नाही. धूळ, धूर, सर्दी-पडसं ही नेहमीची कारणं. तेव्हा केळं, दही 'थंड' म्हणून मुलाचं खाणं ऐकीव माहितीवर तोडू नका. पोर वाळतं, दमा तिथेच राहतो.

बेदाण्याची गोष्ट मात्र वेगळी. पिवळाधमक रंग यावा आणि टिकावा म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात. केशरी जर्दाळूचंही तेच. त्यातून फळात उतरणाऱ्या सल्फाइटने दम्याच्या काही रुग्णांची छाती आवळते. अंदाज शंभरात तीन ते दहा जणांचा आहे. धुऊन ते पुरतं जात नाही. सरबत टिकवायला घरी घालतात ती केएमएसची (पोटॅशियम मेटाबायसल्फाइटची) पूडही सल्फाइटच. किलोला 10 मिलिग्रॅम किंवा जास्त सल्फाइट असेल, तर पाकिटावर छापणं बंधनकारक आहे. घटकांच्या यादीत 220 ते 228 हे सल्फाइटचे सांकेतिक आकडे शोधा. त्रास होत असेल तर काळा बेदाणा किंवा तपकिरी जर्दाळू मागा, पण पाकीट तेव्हाही वाचा.

काजू, अक्रोड, शेंगदाण्याची ॲलर्जी हा आणखी गंभीर प्रकार. सोबत दमा असेल तर झटका जिवावर बेतू शकतो. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते दोनेक तासांत ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, तर नुसत्या पंपावर विसंबू नका. ॲड्रेनलिनचं इंजेक्शन लागतं. तडक दवाखाना गाठा.

मग तान्ह्यांना शेंगदाणा द्यायचाच नाही का? 2015 साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका अभ्यासात, ॲलर्जीचा धोका असलेल्या 4 ते 11 महिन्यांच्या बाळांना नियमित शेंगदाणा सुरू केला, तर पाच वर्षांची होईपर्यंत त्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. दमा मात्र त्याने टळला नाही. इसब असलेल्या बाळाला डॉक्टरांना विचारूनच द्या, तेही पातळ कालवून. अख्खा दाणा घशात अडकतो.

आमच्याकडे सुटा माल एकाच काट्यावर तोलला जातो, डावही तोच. ॲलर्जी असेल तर तोलण्याआधी सांगा. सीलबंद पाकीटच देऊ.