मूठ उशिरा वळली तर

1985 साली ब्रिटनमधील संशोधकांनी फ्रँक ब्रूनो या हेवीवेट मुष्टियोद्ध्याला मोजमापाची उपकरणे बसवलेल्या एका टांगत्या लक्ष्यावर ठोसा मारण्यास सांगितले. त्याची मूठ हलल्यापासून एक दशांश सेकंदात सुमारे अर्धा मीटर अंतर कापून लक्ष्यावर पोहोचली. त्या क्षणी तिचा वेग सेकंदाला 8.9 मीटर होता आणि आघाताचे सर्वोच्च बल 4,096 न्यूटन, म्हणजे साधारण 400 किलो वजनाच्या भाराइतके, भरले. आता दुसरी बाजू पाहू. डोळ्यांना एखादी हालचाल दिसल्यानंतर हात हलायला निरोगी तरुण माणसालाही सुमारे 0.2 सेकंद लागतात. ठोसा पोहोचायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या दुप्पट वेळ तो दिसून प्रतिसाद देण्यात जातो. म्हणजेच सुटलेला ठोसा पाहून तो चुकवणे शरीरशास्त्राच्या हिशेबात बसत नाही, आणि तरीही अनुभवी मुष्टियोद्धे ठोसे चुकवताना आपण नेहमी पाहतो.

विशी-पंचविशी ओलांडल्यावर पहिल्यांदा ग्लोव्हज घालणारी आणि मनात व्यावसायिक होण्याची इच्छा बाळगणारी व्यक्ती प्रशिक्षकाला बहुधा एकच प्रश्न विचारते: उशीर तर झाला नाही ना? या प्रश्नाचे एकच उत्तर देता येत नाही, कारण शरीरातील प्रत्येक यंत्रणेचे घड्याळ वेगळे चालते. दमसास वाढवायला उशीर झालेला नसतो, स्नायूंनाही नसतो. खरी अडचण वर सांगितलेल्या त्या एक दशांश सेकंदात आहे. प्रतिस्पर्ध्याचा ठोसा सुटण्याआधीच तो ओळखण्याची कला जिवंत प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहूनच येते, आणि त्या शिकवणीची फी डोक्यावर बसणाऱ्या आघातांच्या रूपाने भरावी लागते. उशिरा सुरुवात करणाऱ्याकडे शिकायला वर्षे कमी असतात. त्यामुळे ही फी थोडक्या काळात भरून टाकण्याचा मोह त्याला होतो, आणि धोका नेमका तिथे असतो.

आधी सोपा भाग. मुष्टियुद्ध म्हणजे क्षणिक स्फोटक ताकदीचा खेळ, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात 2 मिनिटांच्या 3 फेऱ्यांच्या हौशी पद्धतीच्या लढतीतील ऊर्जेचा हिशेब मांडला गेला, तेव्हा सुमारे 77 टक्के ऊर्जा प्राणवायूच्या साह्याने, 19 टक्के स्नायूंमधील फॉस्फोक्रिएटिनच्या तात्काळ साठ्यातून आणि जेमतेम 4 टक्के ऊर्जा लॅक्टिक आम्ल तयार करणाऱ्या मार्गाने आल्याचे आढळले. ठोसा तात्काळ साठ्याच्या बळावर मारला जातो, पण तो साठा पुन्हा भरण्याचे काम फुफ्फुसे आणि हृदय करतात. ही क्षमता प्रौढपणीही वाढते. हेरिटेज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मोठ्या अभ्यासात व्यायामाची सवय नसलेल्या प्रौढांकडून 20 आठवडे सायकलचा व्यायाम करून घेतला असता त्यांची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता सरासरी जवळपास एक-पंचमांशाने वाढली. सरासरीमागचा फरक मात्र मोठा होता. काहींमध्ये वाढ नगण्य होती, तर काहींमध्ये ती सरासरीच्या दुपटीहून अधिक होती, आणि हा फरक बऱ्याच अंशी आनुवंशिक असल्याचे दिसले. सहा महिने मनापासून धावूनही तिसऱ्या फेरीत धाप लागत असेल, तर आळस हे त्याचे एकमेव कारण असेलच असे नाही.

हाडे आणि कंडरा यांची गती स्नायूंपेक्षा मंद असते. काही आठवड्यांत दंड आणि खांदे भरू लागतात, ठोसा जड होतो, पण तो जड ठोसा झेलणारी मनगटाची आणि तळहाताची हाडे, अस्थिबंध व कंडरा तेवढ्या वेगाने बळकट होत नाहीत, कारण हाडाच्या एखाद्या भागाची झीज होऊन तो नव्याने घडण्याच्या एका चक्राला तीन-चार महिने लागतात. त्यामुळे नवशिक्याच्या हाताला होणाऱ्या दुखापती पहिल्या आठवड्यापेक्षा तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, म्हणजे आत्मविश्वास वाढल्यावर, अधिक संभवतात. करंगळीच्या मुळाशी असलेल्या तळहाताच्या हाडाच्या मोडण्याला वैद्यकात बॉक्सरचे नाव दिलेले आहे, परंतु ते हाड बहुतेक वेळा रागाच्या भरात भिंतीवर मूठ आपटणाऱ्यांचे मोडते. तर्जनी आणि मधल्या बोटाच्या सांध्यांवर ठोसा टेकवायला शिकलेल्या खेळाडूचे ते क्वचितच मोडते.

ठोशाचे बल दंडातून येते असे नवशिक्याला वाटते. 1985 मध्येच सोव्हिएत संशोधकांनी वेगवेगळ्या दर्जाच्या 120 मुष्टियोद्ध्यांच्या ठोशांचे विश्लेषण केले. वरच्या दर्जाच्या खेळाडूंमध्ये ठोशाच्या बलातील सुमारे 38 टक्के वाटा पायांनी जमिनीला दिलेल्या रेट्याचा आणि सुमारे 24 टक्के वाटा हाताचा होता, तर कनिष्ठ खेळाडूंमध्ये हे प्रमाण जवळजवळ उलटे, पायांचे 16-17 टक्के आणि हाताचे 38 टक्के, होते. मागच्या पायाच्या चवड्यापासून निघालेली हालचाल कंबर, धड, खांदा आणि कोपर अशी टप्प्याटप्प्याने पुढे सरकून मुठीत पोहोचते, आणि प्रत्येक टप्पा नेमक्या वेळी सुरू झाला तरच बल मुठीपर्यंत टिकते. हा ताळमेळ मेंदूतून येतो. 2012 मध्ये लंडनमधील संशोधकांनी कराटेतील 12 ब्लॅक बेल्टधारकांची तुलना 12 नवख्यांशी केली. जवळून मारलेल्या ठोशातील फरक स्नायूंच्या ताकदीत सापडला नाही. खांदा आणि मनगट यांच्या हालचालींच्या अचूक वेळेत तो सापडला, आणि हा अचूकपणा लघुमेंदूतून निघणाऱ्या श्वेतद्रव्याच्या, म्हणजे मेंदूच्या भागांना जोडणाऱ्या तंतूंच्या, रचनेशी निगडित होता. ती रचना सराव सुरू केल्याच्या वयाशीही संबंधित होती. इतक्या लहान गटावरून लवकर सुरुवात केल्यामुळेच मेंदू तसा घडला असे ठामपणे म्हणता येत नाही. तरी लहानपणी सुरुवात केलेल्यांचे पारडे थोडे जड असते, ही प्रशिक्षकांची जुनी समजूत निराधार नसावी.

आता पुन्हा त्या एक दशांश सेकंदाकडे. अनुभवी मुष्टियोद्ध्याची नजर समोरच्याच्या मुठीमागे धावत नाही. ती बहुतांश वेळ डोके आणि छातीच्या वरच्या भागाभोवती स्थिर असते आणि हातापायांची हालचाल डोळ्यांच्या कडांनी टिपते. हुक, म्हणजे कोपर वाकवून कडेने मारलेला ठोसा, येण्याआधी पुढच्या पायावर वजन सरकते, सरळ उजव्या ठोशाआधी खांदा किंचित मागे जातो, थकलेला प्रतिस्पर्धी जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा, मारण्यापूर्वी श्वास रोखतो, आणि अशा शेकडो खुणांमधून मेंदू पुढच्या क्षणाचा अंदाज बांधतो. नवशिका ग्लोव्हजकडे पाहतो आणि म्हणून कायम उशिरा पोहोचतो. प्रतिस्पर्ध्याचे हे वाचन पुस्तकातून किंवा चित्रफितीतून अंशतः येते, लटकत्या बॅगेकडून अजिबात येत नाही, कारण बॅग कधी फसवत नाही. स्पारिंगला, म्हणजे जोडीदारासोबतच्या सरावाच्या लढतीला, पर्याय नाही असे प्रशिक्षक म्हणतात ते यासाठीच.

स्पारिंगमध्ये मेंदूचे काय होते, हे गेल्या काही दशकांत बरेच स्पष्ट झाले आहे. कवटीतील द्रवात तरंगणाऱ्या मेंदूला सरळ धक्क्यापेक्षा डोके गर्रकन फिरवणारा, हनुवटीच्या कडेला बसणारा ठोसा अधिक घातक ठरतो, कारण त्यामुळे लांब चेतातंतूंवर ताण येतो. हेडगार्डमुळे चेहऱ्यावरील जखमा कमी होतात, पण हे फिरणे फारसे थांबत नाही. हौशी मुष्टियुद्धाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 2013 पासून वरिष्ठ पुरुषांच्या स्पर्धांतून हेडगार्ड काढून टाकले, आणि त्या निर्णयावरचा वाद अजून शमलेला नाही. स्टर्लिंग विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये 3 मिनिटांच्या 3 फेऱ्यांच्या स्पारिंगनंतर मुष्टियोद्ध्यांची तपासणी केली. कोणीही बेशुद्ध पडलेले नसताना तासाभराने मेंदूकडून स्नायूंकडे जाणाऱ्या संदेशांमध्ये बदल आणि स्मरणशक्तीत तात्पुरती घट आढळली, आणि ती सुमारे 24 तासांत पूर्ववत झाली. स्वीडनमधील 2012 चा अभ्यास याहून अस्वस्थ करणारा आहे. त्यात हौशी पद्धतीने लढणाऱ्या 30 मुष्टियोद्ध्यांच्या मेंदू-मेरुद्रवाची तपासणी झाली. लढतीनंतर बहुतेकांमध्ये चेतातंतूंना इजा झाल्याच्या रासायनिक खुणा आढळल्या आणि काहींमध्ये त्या किमान 14 दिवसांच्या विश्रांतीनंतरही पूर्णपणे ओसरल्या नव्हत्या.

दीर्घकालीन परिणामांचे वर्णन अमेरिकी रोगनिदानतज्ज्ञ हॅरिसन मार्टलंड यांनी 1928 मध्येच केले होते. पुढे 1929 ते 1955 या काळात ब्रिटनमध्ये नोंदणी झालेल्या व्यावसायिकांमधून निवडलेल्या 224 निवृत्त मुष्टियोद्ध्यांची तपासणी झाली, तेव्हा 37 जणांमध्ये, म्हणजे सुमारे 17 टक्क्यांमध्ये, मज्जासंस्थेची इजा आढळली आणि लढतींची संख्या व कारकिर्दीचा काळ वाढला तसे तिचे प्रमाण वाढलेले दिसले. त्या पिढीतील काही खेळाडू शेकडो लढती खेळत, हे येथे लक्षात घ्यावे लागते. लास वेगासमध्ये 2011 पासून सुरू असलेल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या अभ्यासातही लढतींचा अनुभव जितका अधिक, तितके मेंदूच्या आत खोलवर असलेल्या थॅलॅमससारख्या भागांचे आकारमान कमी, असा संबंध दिसला आहे. एकंदर आघातांची बेरीज महत्त्वाची असेल, तर आठव्या वर्षी सुरुवात केलेल्यापेक्षा पंचविशीत सुरुवात करणाऱ्याचे खाते जवळपास कोरे असते, आणि हा उशिराचा एक फायदाच आहे. मात्र हातची वर्षे थोडी म्हणून रोज स्पारिंग करून तो फायदा दोन वर्षांत उधळणारे पुष्कळ असतात.

उशिरा सुरुवात करून शिखर गाठलेल्यांची उदाहरणे वारंवार दिली जातात आणि ती खोटी नाहीत. रॉकी मार्सियानो दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यात मुष्टियुद्धाकडे वळले, 1947 मध्ये बेसबॉलमध्ये नशीब आजमावून परतले, 1952 मध्ये जगज्जेते झाले आणि 49 लढतींत अपराजित राहून 1956 मध्ये निवृत्त झाले. केन नॉर्टन यांनी मरीन दलात असताना सुरुवात केली आणि 1973 मध्ये मुहम्मद अलींना हरवले. डिऑन्टे वाइल्डर यांनी विसाव्या वर्षाच्या सुमारास पहिल्यांदा ग्लोव्हज घातले आणि 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळवले. अँथनी जोशुआ यांनी अठराव्या वर्षी सुरुवात करून 2012 मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकले. ही नावे ऐकून हुरूप येतो, पण त्यातील समान धागा पाहिला पाहिजे: चौघेही हेवीवेट आहेत आणि चौघांनीही आधी दुसऱ्या खेळांत शरीर घडवले होते. सर्वांत वरच्या वजनगटात वजनाला वरची मर्यादा नसते, तेवढ्या मोठ्या देहाचे चपळ खेळाडू मुळात कमी असतात आणि एका ठोशाने अनेक चुका झाकल्या जातात. 60 किलोच्या आसपासच्या गटांत ठोशांची संख्या आणि वेग निर्णायक ठरतात, आणि तिथे लहानपणापासून खेळणाऱ्यांची रांग फार लांब असते. विसाव्या वर्षी सुरुवात करून मधल्या वजनगटात जगज्जेते झालेले अर्जेंटिनाचे सर्जिओ मार्टिनेझ हा अपवाद आहे, आणि तेही त्याआधी सायकलिंग व फुटबॉलमध्ये मुरलेले होते. जे उशिरा आले आणि चौथ्या-पाचव्या लढतीनंतर शांतपणे निघून गेले, त्यांची नावे कोणी घेत नाही, म्हणून अशा यादीवरून स्वतःच्या शक्यतेचा अंदाज बांधणे चुकीचे ठरते.

मग वेळ वाचवायचा कसा? प्रतिस्पर्ध्याला वाचण्याची कला शिकण्यासाठी ठोसा सुटण्याच्या खुणा दिसणे आवश्यक असते, तो जोरात बसणे आवश्यक नसते. म्हणून बंधने घातलेले स्पारिंग, म्हणजे दोघांनीही फक्त जॅब मारणे, फक्त धडावर मारणे, किंवा एकाने केवळ बचाव करून दुसऱ्याने अर्ध्या जोराने हल्ला करणे, हे माझ्या मते उशिरा आलेल्या खेळाडूसाठी सर्वांत किफायतशीर शिक्षण आहे. पूर्ण जोराच्या फेऱ्या लढतीपूर्वीच्या काही आठवड्यांपुरत्या ठेवता येतात. त्यांच्यामध्ये अनेक दिवसांचे अंतर असावे, आणि डोके दुखणे, मळमळ किंवा झोपेतील बदल जाणवल्यास लक्षणे पूर्णपणे जाऊन डॉक्टरांनी परवानगी देईपर्यंत डोक्यावर एकही ठोसा घेऊ नये. वजनगट गाठण्यासाठी शरीरातील पाणी घटवून रिंगमध्ये उतरणे नवख्याने टाळावे, कारण त्याने दमसास तर घटतोच, शिवाय तो नैसर्गिक वजनाने लढला तर त्याच्या शिकण्यात काहीही कमी पडत नाही.

हौशी गटात वरिष्ठ खेळाडूंना साधारणपणे 19 ते 40 वर्षे वयापर्यंत लढता येते. त्यामुळे पंचविशीतील नवख्याला तीन-चार वर्षे तीन फेऱ्यांच्या लढती खेळून मगच 4 फेऱ्यांच्या पहिल्या व्यावसायिक लढतीकडे वळण्याइतकी सवड असते. ही वर्षे गाळून थेट व्यावसायिक परवाना मिळवणारा बहुधा कोणा उगवत्या खेळाडूच्या विजयांच्या यादीतील एक ओळ बनतो. पहिल्या स्पारिंगच्या आधीच, डोके अजून कोरे असताना, स्मरणशक्ती, प्रतिसादाचा वेग आणि तोल यांची चाचणी करून तिची नोंद जपून ठेवावी आणि शक्य असल्यास मेंदूचे एमआरआय चित्रण करून घ्यावे. पाच वर्षांनी शब्द आठवायला वेळ लागू लागला किंवा पाऊल अडखळू लागले, तर तुलना करण्यासाठी डॉक्टरांच्या हाती तेवढी एकच विश्वासार्ह नोंद असेल.