फॅटी लिव्हर बारीक माणसालाही होतं, हे कळायला एवढा उशीर का झाला

पोटाची सोनोग्राफी कशासाठीही करा, मुतखडा म्हणा नाहीतर पित्ताशयातले खडे, रिपोर्टमध्ये खाली 'ग्रेड १ फॅटी लिव्हर', म्हणजे लिव्हरमध्ये थोडी चरबी साठलीय, असं लिहून येतं आणि घरात पहिला प्रश्न हाच, अहो पण हे तर दारूला शिवतसुद्धा नाहीत! डॉक्टरांनाही एकेकाळी हाच प्रश्न पडलेला. १९८० मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या युर्गेन लुडविग यांनी २० पेशंटचे लिव्हरचे तुकडे तपासले, दिसायला सगळं दारूने खराब झालेल्या लिव्हरसारखं पण ही माणसं पिणारी नव्हती, बहुतेक जाड होती, काहींना शुगर होती. तिथून 'नॉन अल्कोहोलिक' नाव पडलं आणि हा खाऊन-पिऊन सुखी देशांतल्या जाड लोकांचा आजार अशी समजूतही बसली. आपल्याकडे तेव्हा लिव्हर म्हणजे कावीळ, हिपॅटायटिस बी नाहीतर दारू, बस.

खरी गोष्ट पुण्यात कळायला लागली. तिथल्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांची टीम १९९३ पासून पुण्याजवळच्या गावांतल्या बायकांची आणि त्यांच्या बाळांची मोजमापं घेत होती. आपलं बाळ सरासरी २.७ किलोचं, इंग्लंडमधलं ३.५ किलोचं, पण आपल्या बाळाचे स्नायू कमी आणि चरबी मात्र जवळपास टिकून. २००४ मध्ये याज्ञिकांनी स्वतःचा आणि लंडनच्या जॉन युडकिन यांचा फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय मासिकात छापला, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३, पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा ज्याला ठणठणीत म्हणतो त्याच्याही पोटात चरबी साठलेली असू शकते. कातडीखाली जागा कमी पडली की ती लिव्हरमध्ये जाऊन बसते.

मग २०१० मध्ये बंगालच्या बीरभूम जिल्ह्यातल्या खेड्यांचा अभ्यास आला, सगळी कष्टकरी गरीब वस्ती, तरी ८.७ टक्के लोकांना फॅटी लिव्हर आणि त्यातल्या ७५ टक्क्यांचा बीएमआय २५ च्या खाली, म्हणजे जगभरच्या मापाने ही माणसं जाड नव्हतीच. मला तरी या सगळ्यातला हाच आकडा सगळ्यात जास्त अस्वस्थ करतो.

शरीर आधीच असं, त्यात खाणं बदललं. १९९४ मध्ये पामोलिनची आयात खुली झाली, स्वस्त तेल, मैदा, बिस्किटं गावोगाव पोचली, चहात साखर होतीच, आणि शेतातली, पायी चालायची कामं कमी होत गेली. जास्तीची साखर आणि पिठूळ खाणं यांची चरबी लिव्हर स्वतःच बनवतं, त्यामुळे तुपाला हात न लावणाराही सुटत नाही.

सरकारने फेब्रुवारी २०२१ मध्ये हा आजार डायबेटीस, कॅन्सर, हार्टच्या राष्ट्रीय कार्यक्रमात घेतला. २०२३ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नावातलं 'अल्कोहोलिक' काढून टाकलं, बरंच झालं, न पिणाऱ्यावर उगाच संशय नको. गावात फायब्रोस्कॅन, म्हणजे लिव्हर किती कडक झालंय ते मोजायचं मशीन, कुठून येणार, पण आशाताई जो फॉर्म भरतात त्यात कंबरेचं माप असतं, बाईची ८० सेंमी आणि पुरुषाची ९० सेंमीच्या वर गेली की धोक्याचे मार्क वाढतात, तेव्हा त्या टेप घेऊन आल्या की 'मी तर बारीक आहे' म्हणून टाळू नका प्लीज.