दोघांनीही घटस्फोटाचा वेगवेगळा अर्ज केला असेल तर (आमच्या पक्षकारांसाठी)

"मीही अर्ज टाकलाय, तिनेही टाकलाय. दोघांनाही सुटायचंय, मग एका तारखेत निकाल का नाही?" हा प्रश्न आठवड्यातून दोनदा तरी येतो.

कारण तुमच्या अर्जात दोष तिचा आणि तिच्या अर्जात तुमचा. छळ, सोडून जाणं, जे लिहिलं ते शाबीत करावं लागतं. परस्पर संमती हवी तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ब खाली दोघांचा एकत्र अर्ज लागतो. तो खटला चालू असताना मधेही करता येतो, आणि जमत असेल तर कराच.

दोन्ही अर्ज याच कायद्याखाली एकाच कोर्टात असतील तर कलम २१अ प्रमाणे एकत्र चालतात. पुण्यात आधीचा आणि नागपुरात नंतरचा असेल, तर नंतरचा पुण्यात येतो. पत्नीची अडचण असेल तर ती बदलीसाठी हायकोर्टात जाऊ शकते. "आधी टाकला म्हणजे आपली बाजू भक्कम" हा मात्र गैरसमज. आधी टाकल्याने फार तर गाव ठरतं, निकाल नाही.

आता खरं दुखणं. समोरच्याचं समन्स येतं आणि लोक म्हणतात, "माझ्या अर्जात सगळं लिहिलंय की." चालत नाही. त्यांच्या अर्जाला वेगळी कैफियत (लेखी उत्तर) द्यावीच लागते, साधारण समन्सपासून ३० दिवसांत. एक ताई डब्याच्या पिशवीतून पाकीट काढत म्हणाल्या, "हे असंच आलंय." फोडलंही नव्हतं. आतली तारीख अकरा दिवसांपूर्वी होऊन गेली होती, आणि प्रकरण एकतर्फी चालवायचा आदेश झाला होता. तो उठवण्यात तीन तारखा गेल्या. एकतर्फी निकालच लागला असता, तर तो रद्द करायला ३० दिवसांत अर्ज आणि सबळ कारण, दोन्ही लागलं असतं.

म्हणून पहिल्याच भेटीत आम्ही "समन्स आलंय का?" असं तीनदा विचारतो. काहींना राग येतो, येऊ दे.

समोरच्याचा अर्ज आधीच असेल, तर "आपलाही असावा" म्हणून दुसरा टाकायचा आग्रह आम्ही सहसा मोडून काढतो. कैफियतीतच प्रतिदावा, म्हणजे आपली उलट मागणी, करता येतो (कलम २३अ), फाईल एक, तारीख एक. यात आमची एक फी बुडते, पण तुमच्या रजा वाचतात.

येताना पाकीट आणा. फोडलेलं नसलं तरी.